सोलर किती किलोवॅटचा घ्यायचा? आधी घरातले पंखे मोजा

गावागावांत सध्या सोलर बसवणाऱ्या एजन्सींची माणसे फिरत आहेत. 'तीन किलोवॅट बसवा, बिल शून्य' हे वाक्य पारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू येते. योजना खरी आहे, अनुदानही खरे आहे. पण तीन किलोवॅट प्रत्येक घराला लागतोच असे नाही. कर्ज काढून प्लेटा बसवण्याआधी वीज नेमकी जाते कुठे, हे पाहिले तर बऱ्याच घरांचा खर्च बराच कमी होतो.

सुरुवात बिलापासून करावी. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट जोडून बाराने भागले की खरी सरासरी निघते. नुसते मे महिन्याचे बिल दाखवून सोलरचा अंदाज घेऊ नये, तो फुगलेलाच येणार. दुसरी गोष्ट टप्प्यांची. घरगुती दर 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 पर्यंत वेगळा आणि 300 च्या पुढे आणखी चढा आहे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. म्हणजे घरात वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून वजा होते. बचत स्वस्त आणि तिचा भाव जास्त, असा हा हिशेब आहे.

एक उदाहरण घेऊ. मोठे एकत्र कुटुंब, वर्षाची सरासरी महिन्याला 320 युनिट. घरात चार जुने पंखे आणि चोकवाल्या चार जुन्या ट्यूब. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. वर्षभराची सरासरी धरून पंखा दिवसाला 12 तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात, चार पंख्यांमागे 64. जुनी ट्यूब चोकसकट 55 वॅटपर्यंत जाते, एलईडी ट्यूब 20 वॅटमध्ये तेवढाच उजेड देते. रोज पाच तासांप्रमाणे चार ट्यूबचे महिन्याला 21 युनिट. एकूण 85. पंखे 3 हजारांचे आणि ट्यूब अडीचशेची धरली तर खर्च 13 हजार. युनिटला 10 रुपये धरले तरी महिन्याला 850 रुपये वाचतात आणि सव्वा वर्षात पैसे वसूल होतात.

आता त्याच घराला सोलर लावून पाहू. आपल्याकडे 1 किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे महिन्याला 110 ते 120 युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. बदल न करता 320 युनिट भागवायचे तर 3 किलोवॅट लागतो. पंखे-ट्यूब बदलून वापर 235 वर आणला, तर 2 किलोवॅटमध्ये जवळपास भागते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार रुपये अनुदान आहे. त्यापुढे कितीही मोठा बसवला तरी मर्यादा 78 हजारांची. किलोवॅटला 60 हजार खर्च धरला तर 2 किलोवॅटला पदरचे 60 हजार जातात आणि 3 किलोवॅटला 1 लाख 2 हजार. तिसरा किलोवॅट 42 हजारांना पडतो, पंखे-ट्यूबचे काम 13 हजारांत होते. एजन्सीचा माणूस हे सांगत नाही, कारण तो पंखे विकत नाही.

100 युनिटच्या आत वापर असलेल्या घरांचे गणित वेगळे. त्यांचे सगळे युनिट स्वस्त टप्प्यातले, त्यामुळे पैसे वसूल व्हायला दुप्पट काळ लागू शकतो. अशा घरांनी कर्ज काढून घाई करू नये. दारिद्र्यरेषेखालील आणि 100 युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने 2025 मध्ये स्मार्ट नावाची सौर छत योजना आणली आहे. तिच्यात राज्याचे जादा अनुदान मिळते, त्याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात आधी करावी.

पंख्यांखेरीज घरात वीज खाणाऱ्या दोन-तीनच गोष्टी असतात. 2 हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेले. परसात बंब पेटत असेल तर तो चालू ठेवायला काहीच हरकत नाही, नाहीतर छतावर पाणी तापवणारा सौर बंब बसवावा. एक एचपीची मोटर तासाला एक युनिटच्या आसपास घेते. टाकी भरून वाहत असेल किंवा फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर पाण्याबरोबर वीजही वाहून जाते. फ्रीजच्या दाराचे रबर सैल झाले की मशीन सारखी चालू राहते. बाजारात प्लगमध्ये खोचायची 'वीज बचत डबी' मिळते, ती मात्र घेऊ नये. घरगुती बिल युनिटवर येते आणि त्या डबीने युनिट कमी होत नाहीत.

लोडशेडिंगमध्ये सोलर बंद

हा मुद्दा पुष्कळांना प्लेटा बसल्यावरच कळतो. अनुदानातून बसणारा साधा ऑनग्रिड सोलर लाईनवर वीज असेल तरच चालतो. लाईन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. भर दुपारी, डोक्यावर ऊन असतानाही घरात अंधार आणि त्या तासांची वीजही बुडाली. गावठाण फीडरवर हे फारसे जाणवत नाही. शेतातल्या वस्तीवर, जिथे शेती फीडरवरून वीज येते, तिथे दिवसा लाईन किती तास असते हे आठवडाभर लिहून काढावे आणि मगच ठरवावे. बॅटरीचा हायब्रिड सोलर हा पर्याय आहे, पण बॅटरीचा खर्च मोठा आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते.

छताचेही बघावे लागते. किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा हवी आणि प्लेटांचे तोंड दक्षिणेला. पाण्याच्या टाकीची किंवा लिंबाच्या झाडाची सावली एका प्लेटवर पडली तरी तिच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. जुन्या स्लॅबला भोके पाडली तर गळती लागते, म्हणून सिमेंटचे ठोकळे करून त्यावर सांगाडा उभा करून घ्यावा. पत्र्याचे घर असेल तर खालचे अँगल वळवाच्या वाऱ्याला टिकतील का, हे वेल्डरला आधी दाखवावे. ऊस पेटवून तोडणाऱ्या भागात हंगामात प्लेटांवर काजळी बसते. सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवावी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर पांढरा थर बसतो, मग शेवटचा हात पुसून घ्यावा लागतो.

शाळा आणि ग्रामपंचायत

घरगुती अनुदान शाळा किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीला मिळत नाही. तरी शाळेला सोलर सोयीचा आहे, कारण वापर दिवसाच असतो. सुट्टीतल्या विजेचे काय, असे विचारले जाते. नेट मीटरमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि हा हिशेब आर्थिक वर्षाचा, म्हणजे मार्चअखेरपर्यंतचा असतो. त्यामुळे मे महिन्यात शाळा बंद असताना तयार झालेली वीज जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत वापरता येते.

ग्रामपंचायतीचे मोठे बिल ऑफिसचे नसतेच. ते पाणीपुरवठ्याच्या मोटरीचे आणि दिवाबत्तीचे असते. ऑफिसच्या छतावर प्लेटा बसवून नळयोजनेचे बिल कमी होईल असे समजू नये, मीटर वेगळे तर हिशेब वेगळा. कित्येक गावांत खांबावरचे दिवे सकाळी दहापर्यंत जळत असतात. टायमर किंवा उजेडावर चालणारा सेन्सर बसवणे हे तिथले पहिले काम आहे. सातारा जिल्ह्यातली पाटण तालुक्याची मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. सदस्यांनी एखादा दौरा तिकडे काढायला हरकत नाही.

कागदपत्रे आणि पहिले बिल

बिल अर्जदाराच्या नावावर हवे आणि थकबाकी नसावी. गावात बरीच मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत, त्यामुळे नावबदलाचा अर्ज सगळ्यात आधी. एजन्सी योजनेच्या पोर्टलवर नोंदलेली आहे का ते पाहावे. प्लेटा भारतीय बनावटीच्या असाव्या लागतात, नाहीतर अनुदान अडकते. अनुदान नेट मीटर बसून तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. ते एजन्सीच्या खात्यात जात नाही, तेव्हा सुरुवातीला पैशाची सोय करावी लागते. सोलर साहित्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला आहे. हातात त्याआधीचे कोटेशन असेल तर नवे मागावे. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी एजन्सीची असते, ती कागदावर लिहून घ्यावी.

बिल शून्य झाले तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. आणि पहिल्या बिलावरून भांडण करण्याआधी एक बघावे. मोबाईलमधल्या ॲपवर महिन्याला 230 युनिट तयार झाल्याचे दिसते आणि बिलात महावितरणला दिलेले युनिट 140 च असतात. मधले 90 चोरीला गेलेले नसतात. ते दिवसा घरातच पंखे, फ्रीज आणि मोटरीने वापरलेले असतात, मीटरपर्यंत पोचतच नाहीत.