नेटवर्क डेटा लॉगर

सेन्सरची वाचने ठरावीक अंतराने, वेळेच्या शिक्क्यासह साठवणारे आणि ती नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. तापमान, आर्द्रता, दाब, पाण्याची पातळी, विजेचा वापर अशा राशींवर रात्रंदिवस लक्ष ठेवण्यासाठी ते वापरतात. लसींची शीतगृहे, औषध कारखाने, हवामान केंद्रे, धरणे आणि सर्व्हर-खोल्या ही त्याच्या वापराची प्रमुख ठिकाणे. पुढील विवेचनात लसींच्या शीतगृहातील तापमान-नोंदीचे उदाहरण मध्यवर्ती ठेवले आहे; कारण तेथे नोंद चुकली, तर त्याचा परिणाम थेट बालकांच्या आरोग्यावर होतो.

पूर्वपीठिका : स्वयंचलित नोंदीची कल्पना जुनी आहे. वेधशाळांतील थर्मोग्राफमध्ये घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारा दंडगोल असतो. त्यावरील कागदावर लेखणी दिवसाचा किंवा आठवड्याचा आलेख काढते. पुढे अंकीय स्मृती आल्यावर कागद गेला, तरी साठलेली माहिती पाहण्यासाठी यंत्रापर्यंत जावेच लागे. लॉगर नेटवर्कला जोडल्यावर नोंद आणि तिची खबर यांतील अंतर दिवसांवरून मिनिटांवर आले.

सेन्सर व जोडणी : अचूक तापमानासाठी प्लॅटिनमचा पीटी१०० सेन्सर वापरतात. त्याचा रोध ०° से. ला १०० ओहम व १००° से. ला सुमारे १३८.५ ओहम असतो. म्हणजे अंशामागे ०.३८५ ओहम इतकाच फरक पडतो. दोन-तारी जोडणीत तारांचाच रोध १ ओहम भरला, तर वाचन सुमारे २.६ अंशांनी जास्त येते. बहुतेक लसींसाठी २ ते ८° से. ही मर्यादा असताना एवढी चूक परवडणारी नाही. म्हणून तीन-तारी किंवा चार-तारी जोडणी करून तारांच्या रोधाचा परिणाम दूर करतात.

डीएस१८बी२० हा स्वस्त अंकीय सेन्सर −१०° ते ८५° से. या पट्ट्यात ±०.५ अंशापर्यंत अचूक असतो. वीज मिळताच, पहिले मोजमाप पूर्ण होण्याआधी, तो ८५° हेच मूल्य दाखवतो. लॉगरच्या प्रोग्रॅममध्ये ते वगळले नाही, तर वीज येण्या-जाण्याच्या वेळी खोटे इशारे जातात.

कारखान्यात ४ ते २० मिलिॲम्पियरचा संकेत रूढ आहे. पल्ला ०° ते १००° से. ठरवला असेल, तर १२ मिलिॲम्पियर म्हणजे ५०°. सुरुवात ४ पासून होत असल्याने तार तुटून प्रवाह शून्यावर गेला, तर तो बिघाड आहे हे लगेच कळते. शून्य अंशाशी त्याची गल्लत होत नाही.

सेन्सर कोठे ठेवला यालाही तितकेच महत्त्व आहे. मोकळ्या हवेत टांगलेला सेन्सर दार उघडताच उसळी दाखवतो, पण कुपीतील लस इतक्या लवकर तापत नाही. म्हणून सेन्सरचे टोक ग्लायकॉल भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ती लसींच्या मधोमध ठेवतात.

नोंदीचे अंतर : मोजल्या जाणाऱ्या राशीचा बदल किती वेगवान आहे, यावर दोन नोंदींतील अंतर ठरते. ज्या फ्रिजचा कॉम्प्रेसर दर २० मिनिटांनी चालू-बंद होतो, त्याचे वाचन दर २० मिनिटांनीच घेतले, तर प्रत्येक वेळी चक्राचा तोच टप्पा हाती लागतो आणि आलेख फसवा सपाट दिसतो. एका चक्रात निदान दोनपेक्षा जास्त, शक्यतो चार-पाच वाचने हवीत. दर १० मिनिटांना एक या हिशेबाने दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० नोंदी होतात. एका नोंदीला १६ बाइट धरले, तरी वर्षाची साठवण एका मेगाबाइटच्या आत राहते.

वेळ : लॉगरमधील साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत २० भागांची चूक असली, तर ते महिन्याला सुमारे ५२ सेकंद पुढे किंवा मागे जाते. त्यामुळे एनटीपी या वेळ-जुळणी पद्धतीने घड्याळ नियमित मिळवून घेतात. नोंदी जागतिक समन्वित वेळेत साठवून पडद्यावर भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे साडेपाच तास पुढची वेळ, दाखवणे सोयीचे ठरते.

नेटवर्क व संदेशवहन : एकाच इमारतीतील अनेक सेन्सर आरएस-४८५ च्या तारेवर जोडता येतात. ही तार सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येते व तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावतात. तिच्यावर बहुधा मॉडबस हा प्रोटोकॉल चालतो. तो मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला. प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ मधील वेगळा पत्ता द्यावा लागतो. दोन उपकरणांना एकच पत्ता दिला गेला, तर उत्तरे एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही बंद पडल्यासारखी वाटतात.

सर्व्हरपर्यंत माहिती नेण्यासाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल सोयीचा आहे. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी तो १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार केला. त्यामुळे कमी वेगाच्या, तुटक संपर्कातही तो तग धरतो. लॉगरचा संपर्क अचानक तुटल्यास आधीच ठेवून दिलेला निरोप सर्व्हर इतरांना कळवतो, ही त्याची मोलाची सोय.

संपर्क तुटला तरी लॉगरने नोंदी स्वतःकडे साठवल्या पाहिजेत आणि रेंज परत येताच मूळ वेळेसह पाठवल्या पाहिजेत. सर्व्हरने त्या पोहोचल्याची वेळ हीच मोजमापाची वेळ धरली, तर रात्रभरातील बिघाड सकाळच्या एका क्षणात गोळा झालेला दिसतो.

मूळच्या मॉडबसमध्ये पासवर्ड किंवा कूटलेखन नाही. म्हणून तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, लॉगरला स्थिर आयपी पत्ता द्यावा आणि त्याचे नेटवर्क कार्यालयीन संगणकांपासून वेगळे ठेवावे. लॉगरइतकीच राउटरलाही यूपीएसची गरज असते. नाहीतर वीज गेली की नोंद होत राहते, पण खबर कोणालाच जात नाही.

इशारे : मर्यादा ओलांडताच इशारा दिला, तर दार उघडण्याच्या प्रत्येक वेळी फोन वाजतो आणि थोड्याच दिवसांत लोक त्याकडे दुर्लक्ष करू लागतात. म्हणून मर्यादेला कालावधीची जोड देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बसणाऱ्या तीस-दिवसीय लसनोंदकांत ८° से. च्या वर सलग १० तास, किंवा −०.५° से. किंवा त्याखाली सलग ६० मिनिटे गेल्यास इशारा मिळतो. गारठ्याची मुदत इतकी कमी असण्याचे कारण म्हणजे हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. वाचने येणेच थांबले, तर त्याचाही स्वतंत्र इशारा ठेवावा.

तपासणी : बारीक ठेचलेला बर्फ शुद्ध पाण्यात मुरवून तयार केलेल्या मिश्रणात ०° से. चा भरवशाचा बिंदू मिळतो. सेन्सर त्यात बुडवून त्याची चूक पाहतात. औपचारिक कामासाठी एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेकडून अंशांकन करून घेतात. यंत्रणा सोपवण्यापूर्वी नेटवर्कची केबल तासभर काढून ठेवावी, वीज बंद करून पाहावी, सेन्सर बाहेर काढून मुद्दाम तापू द्यावा आणि रात्रीच्या वेळी संदेश खरोखर कोणाच्या फोनवर जातो हे पडताळावे.

भारतातील उपयोग : लसीकरण कार्यक्रमात आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिण्याची पद्धत आहे. दोन नोंदींच्या मधल्या तासांत, विशेषतः रात्री, काय घडले हे वहीतून कळत नाही. २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या ई-विन यंत्रणेत सिमकार्ड असलेले लॉगर दर १० मिनिटांनी तापमान टिपतात, तासातासाने सर्व्हरकडे पाठवतात आणि बिघाड झाल्यास एसएमएस व ई-मेल करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून राज्याच्या भांडारापर्यंतची लससाखळी त्यामुळे एकाच पडद्यावर पाहता येते. पुण्यात भारतीय हवामानशास्त्र विभागाचा उपकरण विभाग असून स्वयंचलित हवामान केंद्रांच्या कामाशी त्याचा जुना संबंध आहे. निर्यातीच्या द्राक्षांच्या शीतगृहांतही अशाच नोंदी ठेवतात.

मर्यादा : लॉगर स्वतः काहीही वाचवत नाही. इशारा मिळाल्यावर लसी कोणी, कोणत्या शीतपेटीत हलवायच्या, त्या पेटीसाठी बर्फाच्या पट्ट्या कोठे तयार असतील, पहिल्या माणसाने फोन उचलला नाही तर पुढचा कोण, हे लेखी ठरलेले असावे लागते. म्हणून चांगल्या यंत्रणेत प्रत्येक इशाऱ्यासमोर तो कोणी पाहिला आणि काय केले, याचीही नोंद होते.