आजचा विजय आणि उद्याचा हक्क

संघाने आपले सारे बळ एकवटून याच हंगामात विजेतेपदासाठी झुंजावे, की आजचे पराभव पत्करून तरुण खेळाडूंच्या जोरावर चार-पाच वर्षांनंतरच्या विजयाची तयारी करावी, हा प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ ज्या ज्या नगरात आहे तेथे दर वर्षी उपस्थित होतो. आणि त्यावरील वाद इतक्या त्वेषाने चालतात की ऐकणाऱ्यास हा खेळ जितका जुना तितकाच हा प्रश्नही जुना असावा असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन परड्या ठोकून हा खेळ सुरू केला, त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ संघांपुढे चालू हंगामापलीकडची चिंता फारशी नव्हतीच. उद्याचा काळ हा विकण्याजोगा, गहाण टाकण्याजोगा जिन्नस झाला तो १९४७ नंतर, एका विशिष्ट प्रथेमुळे. आणि त्या प्रथेचा इतिहास पाहिल्यावाचून या वादात कोणत्याही पक्षाला न्याय देता येत नाही, अशी माझी धारणा आहे.

ती प्रथा म्हणजे ड्राफ्ट. १९४६ साली स्थापन झालेल्या आणि १९४९ पासून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या नावाने चालत आलेल्या मंडळाने ठरविले की महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंवर संघांनी पैशाची बोली न लावता क्रमाने एकेकाची निवड करावी, आणि ज्या संघाची गत हंगामातील कामगिरी सर्वांत निकृष्ट असेल त्याला निवडीचा मान आधी मिळावा. दुर्बलाला हात देऊन स्पर्धेचा समतोल राखावा हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य होता. तथापि प्रारंभीच्या काळात मंडळाला उद्याच्या समतोलापेक्षा आजच्या तिकीटखिडकीची काळजी अधिक होती. आपल्या पंचक्रोशीत नाव कमावलेला खेळाडू संघाने पहिल्या फेरीतील हक्क सोडून परस्पर आपल्याकडे घ्यावा, अशी सवलत १९६५ पर्यंत चालू होती. आणि विल्ट चेंबरलेन यांचे महाविद्यालयीन शिक्षण दूरच्या कॅन्सस येथे झालेले असतानाही, त्यांची शाळा फिलाडेल्फियाची एवढ्या आधारावर १९५९ साली त्या नगराच्या संघाने त्यांच्यावर मालकी सांगितली.

निवडीचा हक्क हा अदलाबदलीचा दस्तऐवज कसा होऊ शकतो हे सर्वांत आधी पुरतेपणी ओळखले ते बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आउअरबाख यांनी. १९५६ पर्यंत त्यांच्या संघाला एकदाही विजेतेपद लाभले नव्हते. गुण मिळविणारे खेळाडू होते, परंतु प्रतिपक्षाचा चेंडू अडविणारा आणि परतलेला चेंडू झेलून घेणारा उंच खेळाडू नव्हता. आणि तसा एक सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात होता, त्याचे नाव बिल रसेल. दुसऱ्या क्रमांकाचा हक्क सेंट लुईस हॉक्सकडे होता. आउअरबाख यांनी त्या हक्काच्या मोबदल्यात एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन असे दोन खेळाडू देऊ केले. मॅकॉली मूळचे सेंट लुईसचेच, मुलाच्या आजारपणामुळे त्यांनाही स्वगृही परतावयाचे होते. पहिल्या क्रमांकाचा हक्क असलेल्या रॉचेस्टरने दुसराच खेळाडू निवडला आणि रसेल बॉस्टनच्या वाट्याला आले. मात्र मेलबर्नच्या ऑलिंपिकमुळे डिसेंबरपर्यंत त्यांची वाट पाहावी लागली.

हा करार उद्यासाठी आज सोडल्याचा पहिला मोठा दाखला म्हणून सांगितला जातो. पण थोडे बारकाईने पाहिले तर तो तसा एकेरी नाही. १९५७ चा अंतिम सामना याच दोन संघांत झाला आणि बॉस्टनने तो दोन जादा डावांनंतर जिंकला. पुढच्याच वर्षी त्याच हॉक्सनी, मॅकॉली आणि हेगन यांच्यासह, बॉस्टनला हरवून विजेतेपद मिळविले. म्हणजे ज्याने आज घेतला त्यालाही त्याच्या पैशाचे मोल पुरते मिळाले. फरक एवढाच की रसेल यांच्या तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा विजेतेपदे जिंकली, आणि पुढे अटलांटाला गेलेल्या हॉक्सना दुसरे विजेतेपद आजतागायत लाभलेले नाही. सेंट लुईसच्या त्या कारभाऱ्यांना अदूरदर्शी म्हणण्याचा प्रघात मला अन्यायाचा वाटतो. त्यांच्या नगराने आपल्या गावच्या माणसाच्या साथीने एक हंगाम जिंकला, आणि ते नगर त्यावेळी हेच मागत होते.

१९६६ पासून दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये पहिल्या क्रमांकासाठी नाणेफेक होऊ लागली, आणि भाग्य या कारभारात उघडपणे भागीदार झाले. १९६९ साली फीनिक्सने छापा मागितला, काटा पडला आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून विख्यात झालेले लू अल्सिंडर मिलवॉकीला मिळाले. मिलवॉकीने त्यांच्या वाढीची वाट पाहत स्वस्थ बसण्याऐवजी दुसऱ्याच वर्षी ऑस्कर रॉबर्टसन यांच्यासारखा तिशी ओलांडलेला, मुरलेला खेळाडू आणला आणि १९७१ साली विजेतेपद घेतले. उद्याचे भांडवल हाती आल्याबरोबर त्यांनी ते आजच्या कामास लावले.

याच्या नेमके उलट घडले न्यू ऑर्लिन्समध्ये. १९७४ साली तेथे जॅझ नावाचा नवा संघ उभा राहिला, आणि नव्या नगरात प्रेक्षक जमवावयाचे तर ओळखीचा चेहरा हवा म्हणून, लुइझियानाच्या विद्यापीठात खेळून त्या प्रांताचा लाडका झालेला पीट मॅराविच त्यांनी अटलांटाकडून दोन खेळाडू आणि भावी निवडीचे अनेक हक्क देऊन घेतला. एवढ्यावर न थांबता १९७६ साली त्यांनी लॉस अँजेलिस लेकर्सच्या गेल गुडरिच यांना करारबद्ध केले. गुडरिच त्यावेळी ३३ वर्षांचे होते. तत्कालीन नियमानुसार सोडून आलेल्या खेळाडूची भरपाई जुन्या संघास द्यावी लागे, आणि त्या भरपाईत १९७९ सालचा पहिल्या फेरीतील हक्कही लेकर्सच्या नावे लिहून देण्यात आला. तीन वर्षांनंतरची ती तारीख त्या दिवशी कोणाच्या डोळ्यांत खुपली नसेल. पण मुदत भरेपर्यंत गुडरिच दुखापतींनी जर्जर होऊन खेळातून निवृत्तीस आले, जॅझने ८२ पैकी ५६ सामने गमावून सर्वांत खालचा क्रमांक गाठला, त्यांच्या नावचे नाणे शिकागोविरुद्ध उडविले गेले, शिकागोने छापा मागितला, काटा पडला, आणि अशा रीतीने न्यू ऑर्लिन्सच्या दैन्यातून मॅजिक जॉन्सन लॉस अँजेलिसला मिळाले. त्याच वर्षी जॅझ संघ न्यू ऑर्लिन्स सोडून यूटात निघून गेला; जॉन्सन यांनी मात्र पहिल्याच हंगामाच्या अंतिम फेरीत, जखमी जब्बार यांच्या जागी उभे राहून, ४२ गुण नोंदविले आणि १९८० चे विजेतेपद लेकर्सना मिळवून दिले.

मुदतीच्या दस्तऐवजाचे सामर्थ्य एवढे प्रत्यक्ष दिसल्यावर तरी सर्वांनी सावध व्हावयास हवे होते. परंतु १९८० साली क्लीव्हलँडचा संघ जाहिरातींच्या व्यवसायात धन मिळविलेल्या टेड स्टेपिएन यांच्या मालकीचा झाला, आणि पुढील तीन वर्षांत तेथे जो कारभार झाला त्याला येत्या सालांचा वसूल आजच मक्त्याने देऊन टाकणाऱ्या दरबाराचीच उपमा शोभेल. त्यांनी व प्रशिक्षक बिल मसलमन यांनी मध्यम प्रतीचे खेळाडू मिळविण्यासाठी एकापाठोपाठ एका वर्षाचे पहिल्या फेरीतील हक्क देऊन टाकले, आणि त्यांतील बहुतेक डॅलस मॅव्हरिक्स या नुकत्याच जन्मलेल्या संघाकडे गेले. हे प्रकरण इतके हाताबाहेर गेले की पहिल्याच हंगामात मंडळाला हस्तक्षेप करून, आमच्या मंजुरीवाचून क्लीव्हलँडने कोणताही व्यवहार करू नये, असा हुकूम काढावा लागला. १९८१-८२ च्या हंगामात चार प्रशिक्षक आले आणि गेले, जय अवघे १५ मिळाले, आणि त्या हंगामाच्या अखेरीपासून पुढच्याच्या आरंभापर्यंत सलग २४ पराभव झाले.

या दुरवस्थेत क्रूर भाग असा की उत्तरोत्तर हरत गेल्यामुळे त्या गहाण हक्कांचे मोल वाढत गेले आणि ते सारे दुसऱ्याच्या पदरात पडले. डॅलसने क्लीव्हलँडच्या हक्कांवर १९८३ ते १९८६ या चार वर्षांत डेरेक हार्पर, सॅम पर्किन्स, डेटलेफ श्रेम्फ आणि रॉय टार्पली यांची निवड केली, आणि १९८८ साली तो संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजला. त्या लेकर्समध्ये जेम्स वर्दी होते. आणि तेही क्लीव्हलँडच्याच हक्कावर, स्टेपिएन येण्याच्या थोडे आधी दिलेल्या एका हक्कावर, १९८२ साली पहिल्या क्रमांकाने घेतलेले. पश्चिमेची ती लढत दोन्ही बाजूंनी क्लीव्हलँडचे देणे वसूल करणाऱ्यांत चालली होती.

१९८३ साली गंड बंधूंनी संघ विकत घेतला तेव्हा मंडळाने त्यांना चार वर्षांसाठी जादा हक्क विकत घेण्याची असाधारण मुभा दिली, कारण तसे न करावे तर संघ नगरातून उठून जाण्याचीच भीती होती. त्याच धड्यातून असा नियम रूढ झाला की कोणत्याही संघाने लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीतील हक्काविना राहू नये. आणि तो आजही स्टेपिएन यांच्या नावाने ओळखला जातो. मला हा नियम केवळ व्यापारी शहाणपणाचा वाटत नाही. संघाचा मालक हा काही वर्षांचा धनी असतो, प्रेक्षक मात्र पिढ्यांचे असतात. आणि आपल्यानंतर येणाऱ्यांच्या वाट्याचे विकण्याचा अधिकार कोणत्याही वहिवाटदाराला अमर्याद असू नये हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

प्रतीक्षेचा उदात्त नमुना पुन्हा आउअरबाख यांचाच. १९७८ साली लॅरी बर्ड यांचे महाविद्यालयातील एक वर्ष शिल्लक होते. निवडले तरी खेळाडू वर्षभर मिळणार नाही म्हणून पाच संघांनी त्यांना वगळले, आणि सहाव्या क्रमांकावर बॉस्टनने त्यांना निवडले. ते वर्ष बॉस्टनला कठीण गेले, २९ जय आणि ५३ पराजय. पण ते पराभव योजून घेतलेले नव्हते. बर्ड आले आणि जयांची संख्या ६१ झाली, आणि १९८१ साली विजेतेपद आले. तथापि याच बॉस्टनने उद्याच्या बेभरवशाचाही अनुभव घेतला. १९८६ साली विजेते असतानाच सिअॅटलकडून मिळविलेल्या हक्कावर त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने लेन बायस यांना निवडले, आणि निवडीनंतर दोनच दिवसांनी मादक द्रव्याच्या सेवनाने त्या २२ वर्षांच्या तरुणाचा अंत झाला. पुढचे विजेतेपद बॉस्टनला २००८ पर्यंत मिळाले नाही.

योजून हरण्याची गोष्ट याहून निराळी, आणि माझ्या मते ती या इतिहासातील सर्वांत खेदजनक आहे. १९८४ च्या हंगामाअखेरीस ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकासाठी मुद्दाम सामने सोडले असा बोभाटा झाला, त्यांनी नाणेफेक जिंकून हकीम ओलाजुवान यांना घेतले, आणि लागलीच १९८५ पासून नाणेफेकीऐवजी बाद फेरीस न पोहोचलेल्या संघांची सोडत सुरू झाली. पुढे तिच्यात तळाच्या संघांस अधिक वजन देण्यात आले आणि मोहही त्याबरोबर परतला. २०१३ पासून तीन हंगाम फिलाडेल्फियाच्या सॅम हिंकी यांनी तो मोह पद्धतशीर धोरणाच्या पायरीवर नेला. ४७ जय, १९९ पराजय असा त्या तिन्ही हंगामांचा हिशेब आहे. त्यातून जोएल एम्बीडसारखा थोर खेळाडू मिळाला हे खरे. परंतु त्या तीन वर्षांत तिकीट काढून आलेल्या बापलेकांना जे दाखविले गेले त्याची भरपाई कोणत्याही भावी फेरीत होत नाही. जिंकण्याची खरी इच्छा हा खेळाडूने प्रेक्षकाशी केलेला करार आहे, आणि वरिष्ठ दफ्तरातून तो परस्पर रद्द करणे मला मान्य नाही. मंडळासही ते मान्य नसावे, कारण २०१९ पासून सोडतीत तळाच्या तिन्ही संघांची शक्यता समान, म्हणजे १४ टक्के, करण्यात आली.

आजचा पक्ष घेणारे बहुधा उतावीळ ठरविले जातात, आणि २०१३ साली ब्रुकलिनने जे केले त्यावरून तसे म्हणण्यास जागा आहे. ३७ वर्षांचे केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचे पॉल पिअर्स यांच्यासाठी त्यांनी बॉस्टनला तीन वर्षांचे हक्क दिले आणि एका वर्षाच्या क्रमाची अदलाबदल मान्य केली. त्यांतून बॉस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ चे विजेतेपद मिळाले. ही अदलाबदल म्हणजे स्टेपिएन यांच्या नियमाला वळसा घालण्याची रूढ वाट आहे. हक्क नावाला राहतो, त्यातील सत्त्व जाते.

तरीही टोरांटोचे उदाहरण मी या पक्षाच्या बाजूने पुढे ठेवीन. २०१८ साली तेथील कारभारी मसाई उजिरी यांनी नऊ हंगाम इमानाने खेळलेले, नगराच्या गळ्यातील ताईत झालेले डिमार डिरोझन देऊन, कराराचे एकच वर्ष उरलेले कवाय लेनर्ड आणले. लोक व्यथित झाले, खुद्द डिरोझनही झाले. पण संघ खरोखर परिपक्व झाला होता, एकाच माणसाची उणीव होती, आणि जून २०१९ मध्ये टोरांटोने गोल्डन स्टेटला हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले. पुढच्याच महिन्यात लेनर्ड लॉस अँजेलिस क्लिपर्सकडे गेले. त्यांच्या जोडीला पॉल जॉर्ज हवे म्हणून क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला शाय गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीतील पाच हक्क आणि दोन अदलाबदली लिहून दिल्या. त्या पाचांतील एका हक्कावर २०२२ साली जेलन विल्यम्स आले, आणि २०२५ साली गिल्जस-अलेक्झांडर व विल्यम्स यांच्या बळावर ओक्लाहोमा सिटी विजेती झाली. क्लिपर्सनी २०२५ पर्यंत अंतिम फेरी एकदाही पाहिली नव्हती. जॉर्ज २०२४ मध्येच त्यांना सोडून फिलाडेल्फियास गेले, आणि त्यांच्यासाठी लिहून दिलेल्या हक्कांपैकी अखेरचा २०२६ सालचा आहे.