नांवांची वस्ती

भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं उत्तन, डोंगरी हीं गांवें आहेत. तेथील ख्रिस्ती घरांत आडनांव रॉड्रिग्ज किंवा परेरा, पाळण्यांतलें नांव जॉन वा विल्यम, आणि बोली मात्र अस्सल मराठी. साहजिकच पाहुणा विचारतो, "आपण मूळचे कुठले?"

हा प्रश्न नांवानें सुचविलेला, आणि चुकीचा आहे. १५३४ सालीं पोर्तुगीजांनीं वसई व साष्टी गुजराथच्या सुलतानाकडून मिळविली. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मगुरूचें किंवा धर्मपित्याचें आडनांव घेण्याची चाल पडली. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र; पण हा रॉड्रिगो उत्तनच्या कोळ्याचा पूर्वज नव्हे! १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, १७७४ सालीं साष्टी इंग्रजांकडे गेली. पुढें पोर्तुगीज 'जुआंव'च्या जागीं 'जॉन' येऊं लागला. मूळ हिब्रू नांव एकच. अर्थ, 'ईश्वर कृपाळू आहे'.

आतां खुद्द इंग्रजांकडे पहा. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. एथेलरेड, गॉडविन अशीं जुनीं नांवें कांहीं पिढ्यांत मागें पडलीं आणि शेतकऱ्यांच्या घरींही विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड जन्मूं लागले. विल्यममध्यें 'इच्छा' आणि 'शिरस्त्राण' असे दोन जर्मानिक शब्द आहेत. जेत्याचें नांव जितांनीं उचललें. तरी विल्यम नांवाच्या इंग्रजाला 'तुम्ही नॉर्मन काय?' असें कोणी विचारीत नाहीं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत गेलिक नांवें अधिक टिकलीं. तेथें 'मॅक' म्हणजे पुत्र. १८२७ सालीं मुंबईचे गव्हर्नर झालेले सर जॉन माल्कम यांचें आडनांव म्हणजे 'संत कोलंबाचा मुंडित शिष्य'. आपल्या रामदासाचा हा सख्खा भाऊच. मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध करणारे ग्रँट डफ यांच्या नांवांतील 'डफ' म्हणजे काळा. पुण्यांत जन्मते तर काळेच म्हणविले असते!

उत्तनकरांच्या समाजानें एक नांव मात्र स्वतः निवडलें. रेल्वे-कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठीं गोव्याचे ख्रिस्ती मुंबईस येत. आडनांवें तींच, त्यामुळें दोघांची गल्लत होई. तेव्हां १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, येथील ख्रिस्ती लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. कंपनी सरकार १८५८ सालींच संपलें होतें. तिची आठवण या समाजाच्या नांवांत अद्याप आहे.