भिंग परत जागेवर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस पूर्वी लांबूनच ओळखू यायचा. नाकावर सोडाबाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा आणि त्यामागे अवाढव्य दिसणारे डोळे. काचेचा नंबर प्लस दहाच्या घरात. त्यातून जग जवळजवळ पाव हिश्श्याने मोठं दिसे. दारातली पायरी होती त्याहून जवळ वाटे आणि पाऊल चुके. काचेच्या कडेला नजरेत एक आंधळं कडं असे, त्यामुळे रस्ता ओलांडताना सायकल एकदम समोर उगवल्यासारखी येई. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर पंचाईत आणखी मोठी: एका डोळ्याला समोरचा माणूस मोठा दिसे, दुसऱ्याला लहान, आणि दोन्हींचा मेळ काही बसत नसे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. १९९० च्या सुमारापर्यंत आपल्याकडच्या नेत्रशिबिरांतून घरी परतणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हेच येत होतं.

याला कारण होतं. बुबुळामागे एका पातळ, पारदर्शक पिशवीत आपलं नैसर्गिक भिंग असतं. नऊ-दहा मिलिमीटर रुंद आणि चारेक मिलिमीटर जाड. त्यातली प्रथिनं वयानुसार गढूळ होतात, तो मोतीबिंदू. हे गढूळ भिंग काढलं की उजेड आत येतो, पण उजेड एकवटण्याचं सुमारे एक तृतीयांश काम करणारं भिंगच निघून गेलेलं असतं. मागच्या पडद्यावर चित्र जुळत नाही. म्हणजे शतकानुशतकं मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्धंच होत आलं, असं मला वाटतं. अडथळा दूर व्हायचा, पण त्याची जागा भरायला काही नव्हतं.

या अर्ध्या ऑपरेशनचा सर्वांत जुना तपशीलवार उल्लेख आपल्याकडचा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरचा, म्हणजे मोतीबिंदूवरचा, उपाय सांगितला आहे. सुईसारख्या शलाकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जायचं आणि गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचं. नंतर तुपात भिजवलेल्या कापसाची पट्टी बांधायची, आणि रोग्याने काही दिवस शिंकायचं, खोकायचं, थुंकायचं नाही. त्या सूचना वाचताना लिहिणाऱ्याने अनेक डोळे पाहिले होते याची खात्री पटते. भिंग मात्र डोळ्यातच राही, तळाशी ढकललेलं. ते डोळ्याबाहेर काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया फ्रेंच सर्जन झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये पॅरिसमध्ये केली. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवावं, हा विचारही त्याच शतकातला. कासानोव्हाच्या आठवणींत तादिनी नावाचा एक फिरता नेत्रवैद्य डोळ्यात घालायचे चकचकीत मणी दाखवतो. शतकाअखेरीस ड्रेस्डेनमध्ये कासामाता नावाच्या एकाने खरोखरच काचेचं भिंग आत सारलं. ते थेट डोळ्याच्या तळाशी जाऊन बसलं. काच जड, आणि तिला धरून ठेवायला काही नाही.

पुढची दीडशे वर्षं त्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. मग आलं दुसरं महायुद्ध.

१५ ऑगस्ट १९४०. ब्रिटनच्या हवाई दलातल्या ६०१ स्क्वाड्रनचा वैमानिक गॉर्डन क्लीव्हर हरिकेन विमान घेऊन विंचेस्टरवर लढत होता. गोळ्यांनी कॉकपिटचं पारदर्शक छत फुटलं आणि त्याचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. त्याने पॅराशूटने उडी घेतली. एक डोळा कायमचा गेला, दुसरा वाचला. पुढे त्याच्यावर अठरा शस्त्रक्रिया झाल्या. त्याचे डोळे तपासणाऱ्यांत लंडनच्या सेंट थॉमस आणि मूरफिल्ड्स रुग्णालयांतले नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली होते. ते छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्सचं होतं. पर्स्पेक्स म्हणजे आयसीआय कंपनीचं ॲक्रिलिक प्लास्टिक. डोळ्यात राहिलेले त्याचे कण वर्षानुवर्षं पडून होते, पण डोळा त्यांच्यावर चिडत नव्हता. त्यांच्या टोकांनी मऊ भागाला टोचलं नाही, तर सूज नाही की लाली नाही.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच संपवतात: वैमानिकाच्या डोळ्यात कण दिसले आणि लेन्स सुचली. मला ही मांडणी अन्यायाची वाटते. क्लीव्हरची दुखापत आणि पहिली लेन्स यांत नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि खरं काम त्या अंतरात झालं. रिडलींचे वडीलही नेत्रसर्जन होते. भिंगाची रिकामी जागा हा मुलाच्या डोक्यात बराच काळ घोळणारा प्रश्न होता. क्लीव्हरने त्यांना कल्पना दिली नाही, कशापासून बनवायचं ते दाखवलं. पुढचा धक्का एका विद्यार्थ्याने दिला. ऑपरेशन पाहताना तो सहज म्हणाला, काढलेल्या भिंगाच्या जागी स्वच्छ भिंग घालता येत नाही हे वाईट आहे. रिडलींनी मग चष्म्यांच्या भिंगांचं काम करणाऱ्या रेनर कंपनीचे जॉन पाइक यांना गाठलं. लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये थांबलेल्या गाडीत बसून दोघांनी योजना ठरवली. आयसीआयच्या जॉन होल्ट यांनी नेहमीच्या पर्स्पेक्सपेक्षा जास्त शुद्ध माल तयार करून दिला, कारण कच्चे रासायनिक अंश डोळ्यात झिरपून चालणार नव्हतं. या सगळ्यातून रिडलींनी स्वतःसाठी काही मागितलं नाही.

लेन्स हातात आली ती दोन्ही बाजूंनी फुगीर चकती होती. ८.३५ मिलिमीटर व्यास, २.४ मिलिमीटर जाडी, वजन ११२ मिलिग्रॅम. आजच्या लेन्सपुढे हा धोंडाच. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षांच्या एका बाईंचा मोतीबिंदू काढून रिडलींनी ती घालून पाहिली आणि पुन्हा बाहेर काढली. ८ फेब्रुवारी १९५० ला ती कायमची बसवली. डोळ्याने तिला सांभाळून घेतलं, पण नंबराचा हिशेब साफ चुकला. लेन्सच्या वक्रता नैसर्गिक भिंगाच्या वक्रतांवरून घेतल्या होत्या, आणि ॲक्रिलिक प्रकाशाला त्याहून फार जास्त वाकवतं. बाई मायनस अठराच्या आसपास नंबर घेऊन उठल्या. पुढच्या लेन्समध्ये ही चूक कमी होत गेली.

हे सगळं गुपचूप चाललं होतं. रिडलींना निदान दोन वर्षांचा अनुभव गाठीशी हवा होता. पण एक रुग्ण चुकून त्याच भागातल्या दुसऱ्या रिडलींच्या दवाखान्यात गेला आणि बातमी फुटली. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रपरिषदेत हॅरल्ड रिडलींनी काम मांडलं आणि दोन रुग्ण सोबत आणले. ब्रिटिश नेत्रवैद्यकातले तेव्हाचे सर्वांत वजनदार गृहस्थ सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांनी रुग्णांकडे पाहायलाही नकार दिला. त्या पिढीचा आयुष्यभराचा धडा एकच होता: डोळ्यात बाहेरची वस्तू गेली तर ती काढायची. हा माणूस ती मुद्दाम घालत होता. विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे नोंदवायला हवं. लेन्स घसरत होती, डोळ्यातला दाब वाढत होता, आणि बऱ्याच लेन्स परत काढाव्या लागल्या. निर्जंतुक करायला वापरलेलं सेट्रिमाइड लेन्सला चिकटून राही आणि डोळा सुजे. योगायोग असा, की सोडियम हायड्रॉक्साइडने निर्जंतुक करण्याची सुरक्षित पद्धत १९५७ मध्ये त्या दुसऱ्या रिडलींनी, फ्रेडरिक रिडलींनी काढली.

पण पाहायलाच नकार देणं, हे मला पटत नाही. रिडलींनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बरोबर केली होती. मोतीबिंदूचा गर काढताना त्यांनी पिशवीचा मागचा भाग शाबूत ठेवला आणि लेन्स तिथेच, नैसर्गिक भिंगाच्या जागी ठेवली. तेव्हाची मान्यताप्राप्त शस्त्रक्रिया मात्र भिंग पिशवीसकट उपटून काढण्याची होती. आपल्याकडे जालंधरमध्ये हेन्री स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत हजारो डोळ्यांवर वापरून गाजवली. ती झटपट होई, पण पिशवी गेली की लेन्सला बसायला जागाच उरत नसे. म्हणून पुढची पंचवीस वर्षं सर्जनांनी लेन्स भलतीकडेच टांगल्या. इटलीच्या स्ट्रॅम्पेली यांनी ती बुबुळाच्या पुढे बसवली, तर हॉलंडच्या बिंकहॉर्स्ट आणि वॉर्स्ट यांनी बुबुळालाच अडकवली. पुढे बसवलेल्या कित्येक लेन्स डोळ्याचा पारदर्शक दर्शनी पडदा खराब करून गेल्या. भारतात अमृतसरचे डॉ. दलजीत सिंग यांनी १९७६ मध्ये लेन्स बसवायला सुरुवात केली, तीही या मधल्या काळातच. १९७७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन शिअरिंग यांनी दोन लवचिक पाय असलेली लेन्स बुबुळाच्या मागे बसवली आणि वाट पुन्हा रिडलींच्या जागी आली. पिशवीच्या पुढच्या पडद्यात पाचेक मिलिमीटरचं सलग, गोल भोक पाडण्याचं तंत्र त्याच्या पुढच्या दशकात रुळलं. मग सहा मिलिमीटरची चकती पिशवीतच पाय रोवून बसू लागली.

उरलेलं भराभर झालं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली होती, आपण तिला फेको म्हणतो. अडचण एवढीच, की मोतीबिंदू तीन मिलिमीटरच्या चिरेतून निघे आणि कडक लेन्ससाठी चीर पुन्हा वाढवावी लागे. १९८० च्या दशकात घडी घालता येणारी लेन्स आली आणि ती अडचण संपली. डोळ्याची लांबी मोजून नंबर आधीच काढता येऊ लागला. क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यात त्याच दशकात मोतीबिंदू झाला, आणि त्याच्याच दुखापतीतून सापडलेल्या प्लास्टिकची लेन्स त्याच्या डोळ्यात बसली. रिडलींच्याही दोन्ही डोळ्यांत सेंट थॉमसमध्येच लेन्स बसवल्या गेल्या. २००० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

आपल्या दृष्टीने या कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मात्र लंडनचा नाही, मदुराईचा आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. लेन्स परदेशातून यायची आणि शंभर डॉलरच्या आसपास पडायची. मजुराला ती कुठून परवडणार? १९९२ मध्ये अरविंदने ऑरोलॅब ही स्वतःची कंपनी काढली आणि लेन्स दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत डॉ. तात्याराव लहाने यांनी बिनटाक्याची ऑपरेशनं करून लेन्स गरिबाच्या डोळ्यापर्यंत नेली. प्लस दहाचे चष्मे रस्त्यावरून दिसेनासे झाले ते या स्वस्त लेन्समुळे.

म्हणून घरात कोणाला मोतीबिंदू असेल तर दोन गोष्टी सांगतो. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आज फार पिकलेला मोतीबिंदू काढणं उलट अवघड जातं, तेव्हा रोजचं काम अडू लागलं की दाखवून घ्या. आणि लेन्सच्या किमतीने दबून जाऊ नका. महागडी मल्टिफोकल लेन्स वाचनाचा चष्मा कमी करते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. साधी लेन्स दूरचं स्वच्छ दाखवते आणि वाचायला चष्मा लागतो, इतकंच. ऑपरेशननंतर लेन्सचा नंबर आणि अनुक्रमांक असलेलं एक छोटं कार्ड मिळतं. ते आधार कार्डाइतकंच जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी किंवा पुढे काही तक्रार आली तर डॉक्टर ते पहिल्यांदा मागतील.