बहुखेळाडू व्हिडिओ खेळ व त्यांची विक्री

बहुखेळाडू व्हिडिओ खेळ : दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्रावर (कन्सोलवर) इंटरनेटच्या द्वारे भिन्न ठिकाणच्या खेळाडूंना एकाच वेळी खेळता येणारे खेळ. अशी सोय जोडल्याने खेळाची विक्री वाढते, असा समज या व्यवसायात रूढ आहे. तथापि इतिहास त्यास अंशतःच दुजोरा देतो.

सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ (१९९८) या यंत्रात दूरध्वनीद्वारे जोडणीची सोय होती. तरीही २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही सेवा सुरू केली. तिचा पुरेपूर उपयोग करणाऱ्या ‘हेलो २’ (२००४) या खेळाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. सोयीविना निघालेल्या पहिल्या ‘हेलो’चा (२००१) खप याहून कमी, परंतु ५० लाखांच्या वर होता. ही वाढ केवळ ऑनलाइन खेळामुळे झाली असे म्हणता येत नाही. कारण मधल्या काळात यंत्रधारकांची संख्या व खेळाची कीर्ती, दोन्ही वाढली होती. शिवाय याच काळात ऑनलाइन खेळास दुय्यम स्थान देणाऱ्या ‘प्लेस्टेशन २’ ची विक्री १५ कोटींवर गेली, तर एक्सबॉक्सची सु. २.४ कोटींवर थांबली.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ (सप्टेंबर २०१३) हे उदाहरण अधिक बोलके आहे. पहिल्या तीन दिवसांतच त्याची विक्री १०० कोटी डॉलरवर गेली. ऑनलाइन विभाग मात्र १ ऑक्टोबरला खुला झाला. म्हणजे या सोयीने खेळाचा आरंभ घडविला नाही, तर आयुष्य वाढविले. २०२४ पर्यंत त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. याउलट ‘द विचर ३’ (२०१५) हा एकट्याने खेळावयाचा खेळ असूनही त्याच्या ५ कोटींवर प्रती खपल्या.

सहखेळ्यांची संख्या जितकी मोठी, तितकी या सोयीची उपयुक्तता अधिक. म्हणून आधीच लोकप्रिय असलेल्या खेळास तिचा लाभ होतो. अल्पपरिचित खेळात मात्र प्रतिस्पर्धीच मिळत नाहीत आणि सर्व्हरचा खर्च चालूच राहतो.

महाराष्ट्रात ही दोन्ही टोके आढळतात. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा, पचिसीच्या कुळातील ‘लूडो किंग’ (२०१६) २०२० च्या टाळेबंदीत दुरावलेल्या कुटुंबांना एकत्र खेळता येत असल्याने फार पसरला. पण तो मोबाइलवरील विनामूल्य खेळ असल्याने तेथे वाढला तो वापर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) हा एकट्याने खेळावयाचा खेळ निन्टेन्डो स्विच व अन्य कन्सोलांवर आणला. पुराणकथांवर आधारलेल्या या खेळास पदार्पणाच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे नामांकन लाभले. पुरस्कार मात्र ‘फॅस्मोफोबिया’ या सहखेळास मिळाला.

ग्राहकाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मूळ एक्सबॉक्सच्या खेळांसाठीची सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. ‘हेलो २’ ची तबकडी व तिच्यातील कथा खेळाडूंच्या हाती राहिली. ज्या सोयीसाठी अनेकांनी ती घेतली, ती मात्र उरली नाही.