बाबांच्या बंदुकीचा दस्ता

भरवेलीच्या आठवणींत खाणीचा भोंगा, छोटी लाइन आणि गणेशोत्सव यांवर बरंच लिहून झालं आहे. आज जरा वेगळी आठवण सांगतो. आमच्या घरातल्या एका जुन्या बंदुकीची आणि तिचा मोडलेला दस्ता बसवून देणारा कारागीर शोधताना झालेल्या वणवणीची. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. आपल्याकडे हिंदीच्या संगतीने सगळे कुंदाच म्हणतात.

माझे वडील सी.पी. मँगनीज कंपनीत, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीत, हिशेबनीस होते. कंपनी इंग्रजांची. 1962 साली मॉइल स्थापन झाली तेव्हा 51 टक्के भाग केंद्र सरकार, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा होता आणि 49 टक्के जुन्या कंपनीकडे राहिला. 1977 मध्ये तोही सरकारने घेतला. पण त्याच्या आधीच एकेक साहेब मायदेशी परतू लागले होते. असाच एक साहेब 1954 मध्ये जाताना सामान विकून गेला. कुणी त्याचं टेबल घेतलं, कुणी ग्रामोफोन. बाबांनी बंदूक घेतली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची बारा बोअरची दोननळी.

हिशेबनिसाला बंदूक कशाला, असं आई म्हणायची. कारण होतं. पगाराच्या दिवशी बालाघाटहून रोकड यायची आणि पेटीसोबत बाबा असायचे. बाकी शिकारीचं म्हणाल तर बाबांचा नेम हा घरात चेष्टेचाच विषय होता. धानात रानडुकरं शिरली की गावचे लोक बोलवायला यायचे. बाबा जायचे, दोन बार काढायचे, डुकरं पळून जायची. काका म्हणायचे, "दादाच्या बंदुकीने डुकराला इजा नाही, नुसता निरोप." आम्ही मुलं खूप हसायचो. मीही हसायचो. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर तेही बंद झालं.

बाबा गेल्यावर बंदूक रीतसर जमा केली, वारस म्हणून अर्ज केला आणि परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हा मी बँकेत होतो. आमच्या शाखेच्या गार्डकडे अशीच दोननळी असायची. तो म्हणायचा, "साहेब, तेल पाजत राहा, गंज लागणार नाही." मी वर्षानुवर्षं तेच केलं. खटक्यात भरपूर तेल सोडायचं आणि नळी वर करून कपाटात उभी ठेवायची. कॉमर्सचा माणूस, यंत्रातलं काय कळणार!

2012 साली, निवृत्तीनंतर, घराला रंग देताना कपाट हलवलं आणि बंदूक पडली. पडली ती जेमतेम दोन फुटांवरून. पण दस्ता मुठीपाशी, जिथे तो सगळ्यात बारीक असतो, तिथे दुभंगला. लाकूड आतून काळं आणि भुसभुशीत झालेलं.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, कशाला ठेवता? जमा करून टाका, कटकट मिटेल." सौ.चंही तेच मत. चूक त्यांचीही नव्हती. पण बाबांच्या हातची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू घरात उरली होती, आणि ती माझ्या हातून मोडली होती.

भरवेलीतला एक ओळखीचा सुतार म्हणाला, "भाऊ, सागवानाचा दोन दिवसांत करून देतो." त्याचा हात चांगला, पण दोन अडचणी होत्या. साग उभा चिरतो, बाराच्या धक्क्याला टिकत नाही. आणि 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. त्या बिचाऱ्याला माझ्यापायी अडचणीत कसं टाकणार?

मग नागपूर आठवलं. बाबांनी 1955 मध्ये तिथेच तिची घोड्याची स्प्रिंग बदलून आणली होती. तेव्हा नागपूर आपल्याच प्रांताची राजधानी. पण 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. आपल्या मराठी घरांचं सासर-माहेर, शाळा-कॉलेज, दवाखाना सगळं नागपूर-गोंदियालाच राहिलं. माणसाला त्या रेषेचा त्रास नव्हता. बंदुकीला मात्र होता. माझा परवाना फक्त मध्य प्रदेशापुरता. हाकेच्या अंतरावरचं गोंदियाही तिच्यासाठी परमुलूख! म्हणजे उरलं जबलपूर.

बंदूक खोलून पेटीत घातली, परवाना खिशात ठेवला आणि बालाघाटहून छोट्या लाइनने निघालो. त्या वेळी ती अजून चालू होती. जबलपूर हे शस्त्रांचं जुनं गाव. गन कॅरेज फॅक्टरी तिथे 1904 पासून आहे. पण पहिल्या दुकानात सांगितलेला आकडा ऐकून मी पेटी बंद केली. तेवढ्यात दोन जुन्या बंदुका आल्या असत्या.

दुसऱ्या एका परवानाधारक दुकानात मागच्या खोलीत एक म्हातारे कारागीर बसायचे. मूळचे मुंगेरचे. मीर कासिमने 1760 नंतर राजधानी मुंगेरला नेली आणि तिथे बंदुकांचा कारखाना काढला. तेव्हापासून ते गाव या कामासाठी ओळखलं जातं. त्यांनी दस्ता हुंगला आणि म्हणाले, "बाबूजी, लकड़ी ने तेल पी लिया है." नळी वर ठेवल्याने तेल खटक्यातून खाली लाकडात उतरतं आणि लाकूड कुजतं. तेल थेंबभर द्यावं आणि बंदूक नळी खाली करून ठेवावी. माझी चूक अशी समजली.

डिंक लावून, पितळी खिळे मारून चालणार नाही म्हणाले. तेल प्यालेल्या लाकडाला काही धरत नाही. नवीनच दस्ता हवा, तोही अक्रोडाचा. पण महाग पडते ती लाकडावरची नक्षी. मुठीपाशी शिरा सरळ असल्या की साधा अक्रोडच जास्त मजबूत. त्यांच्याकडे काश्मीरहून आलेला तसा एक साधा ठोकळा होता. मागची जुनी पट्टी आणि पुढची लाकडी मूठ तीच ठेवायची. एकूण 9,500 रुपये ठरले.

काम बघत बसलो. खटक्याच्या लोखंडाला दिव्याची काजळी लावायची, लाकडात दाबायची, जिथे काळं उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. दिवसभर तेच. आमच्या बँकेतला ताळा जुळवण्यासारखं! एका पैशाचा फरक असेल तरी पुन्हा पहिल्यापासून.

मग त्यांनी जुना दस्ता मागून डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाबूजी, आपके पिताजी खब्बू थे क्या?"

मी म्हटलं, नाही, उजवेच होते.

मग त्यांनी दाखवलं. उजव्या माणसाचा दस्ता मागे किंचित उजवीकडे झुकलेला असतो, म्हणजे डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. आमचा डावीकडे झुकलेला होता. डावखुऱ्या साहेबाच्या मापाने केलेला. उजव्या माणसाने तो खांद्याला लावला की नळी दुसरीकडेच बघणार.

मी काही बोललो नाही. बाबा जन्मभर दुसऱ्याच्या मापाची बंदूक चालवत होते आणि आम्ही त्यांच्या नेमाला हसत होतो. हसणाऱ्यांतले काकाही आता नव्हते. सांगणार कुणाला?

कारागिरांनी विचारलं, जुन्यासारखाच करू की सरळ? चालवणारं तर आता कुणीच नव्हतं. मी म्हटलं, उजव्या हाताचा करा. माझी उंची, माझा हात बाबांसारखाच आहे, माप माझं घ्या.

तिसऱ्या फेरीला बंदूक मिळाली, जवसाचं तेल चोळून तयार. निघताना त्यांनी एक ताकीद दिली. हिची घरं जुन्या 65 मिलिमीटरच्या काडतुसांची, आजची 70 ची घालू नका. मी म्हटलं, घालणारच नाही.

आता ती नळी खाली करून ठेवली आहे. मोडका दस्ताही टाकलेला नाही. नातवंडं आली की दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो आणि सांगतो, पणजोबांचा नेम चांगला होता.

तुमच्याकडेही साहेबांच्या लिलावातली एखादी वस्तू असेल, तर तिची गोष्ट जरूर लिहा.