हमी यंत्राची, पण अक्षरांची कोण देणार?

संगणक बिघडला की घरात पहिली धावपळ होते ती वॉरंटी कार्डासाठी. पावती सापडते, तर कार्ड सापडत नाही. कार्ड सापडलं, तर त्यावर दुकानदाराचा शिक्का नसतो. आणि सगळं जुळून आलंच, तर कळतं की कंपनीचं सेवा केंद्र आपल्या गावात नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या गावांनी हे पुष्कळ भोगलंय. श्रोतेहो, आज या दुरुस्तीच्या आणि हमीच्या इतिहासाबद्दल थोडं बोलू या.

टाइपरायटरच्या काळात हा प्रश्न इतका अवघड नव्हता. गोदरेजनं 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढची पन्नासेक वर्षं कचेऱ्यांतून, कोर्टाच्या आवारातून त्याचीच खटखट ऐकू आली. 2009 साली त्याचं उत्पादन थांबलं. ते यंत्र उघडं होतं. कुठली कळ अडकली, कुठली स्प्रिंग सैल झाली, हे डोळ्यांनी दिसायचं. पेचकस आणि तेलाची बाटली असलेला गावातला कारागीर ते दुरुस्त करायचा.

संगणक आला आणि दुरुस्ती विकणाऱ्याच्या हाती गेली. याचा धडा देशाला 1978 सालीच मिळाला होता. परकीय चलन कायद्याच्या अटी मान्य नसल्यानं आयबीएम कंपनी भारत सोडून गेली. तिची मोठी यंत्रं मात्र इथंच राहिली. ती सांभाळायची कोणी? 1975 साली सरकारनं संगणक देखभालीसाठी सीएमसी ही कंपनी काढलेली होती. तिच्या अभियंत्यांनी ही जबाबदारी उचलली. पुढं रेल्वेच्या आरक्षणाची संगणक यंत्रणाही याच कंपनीनं उभी केली. दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त करता करता माणसं स्वतःची यंत्रणा उभारायला शिकली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग घरगुती संगणकाचा जमाना आला. 1981 साली आयबीएमनं आपला पीसी काढला. त्यातले बरेच भाग बाजारात मिळणारे होते, त्यामुळं इतरांनाही तसंच यंत्र बनवता आलं. 1984 साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. तो देखणा होता, छपाईच्या कामाला उत्तम होता, पण आतून-बाहेरून एकाच कंपनीचा. मोठ्या शहरातल्या छापखान्यांना तो परवडला. आपल्याकडं जी यंत्रं पोचली ती बहुतेक पीसीच्या घराण्यातली. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा खरेदीदारापुढं निवड होती ती ‘कंपनीचा’ संगणक घ्यायचा की ‘असेंबल्ड’, याची. कंपनीच्या यंत्राला हमी होती, पण त्यावर सीलही होतं. सील तुटलं की हमी संपली. असेंबल्डला कागदी हमी जेमतेम, पण बस स्टँडजवळच्या दुकानातला पोरगा संध्याकाळी घरी येऊन तो चालू करून द्यायचा. लोकांनी त्या पोरावर भरवसा ठेवला, यात नवल नाही.

माझा कंपनीचा संगणक हमीच्या मुदतीत बंद पडला, तेव्हा तो बसच्या टपावर बांधून त्या वेळच्या औरंगाबादला न्यावा लागला. तीन आठवड्यांनी परत आला तो नव्यासारखा चकचकीत, आणि आतून कोरा. विचारलं तर कार्डावरची बारीक ओळ दाखवण्यात आली : आतल्या मजकुराला कंपनी जबाबदार नाही. त्या ओळीनं मला एक मोठी गोष्ट शिकवली. हमी असते ती पेटीची. पेटीत आपण जे ठेवतो, त्याची नसते.

मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न दुहेरी होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम 1988 मध्ये पुण्याच्या सी-डॅककडं आलं. त्याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली ठरली आणि 1991 साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पण बाजार आपल्या वाटेनं गेला. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्या फाँटमध्ये अक्षरांच्या जागाही वेगळ्या. एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली कविता दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘आई’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. काही सॉफ्टवेअरना कुलपासारखा डाँगल लागायचा. तो हरवला की आपलंच लेखन आपल्याला उघडता येईना.

यातून सुटका केली ती युनिकोडनं. 1991च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्या आधारानं केलेली होती. विंडोज 2000 आणि 2001च्या एक्सपीपासून ती सामान्य संगणकावर आली. सुरुवातीला तक्रारी होत्याच. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला ‘र’ वेगळा कसा काढायचा, इथपासून रेमिंग्टनची कळफलकपद्धत ठेवायची की इनस्क्रिप्ट शिकायची, इथपर्यंत. पण अक्षराला एक सार्वजनिक क्रमांक मिळाला. तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नव्हता, ही त्यातली मोठी गोष्ट.

आमच्या मराठवाड्याला तर याचं मोल जास्त कळावं. निजामाच्या राजवटीत, 1948पर्यंत, कारभार उर्दूत चाले. जुन्या दप्तरात उर्दूबरोबर मोडीही आहे. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. तरी ते कागद वाचता आले, कारण वाचणारा माणूस मिळाला की पुरे होतं. गावोगावच्या लहान साप्ताहिकांचे, दिवाळी अंकांचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे अंक जुन्या फाँटांत पडून आहेत. त्यांना वाचणारा माणूस आहे, पण यंत्र, फाँट आणि डाँगल तिन्ही एकत्र मिळत नाहीत. ते आताच युनिकोडमध्ये उतरवून घेतले पाहिजेत. पुढं ते काम आणखी अवघड होईल.

यंत्राच्या हमीचं म्हणाल, तर कायदा आपल्या बाजूला थोडा सरकला आहे. 1986च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेता जिथं धंदा करतो किंवा तक्रारीचं कारण जिथं घडलं, तिथं दाद मागावी लागे. लांबच्या शहरातून माल घेतलेला माणूस निम्म्यात हार मानायचा. 2019चा नवा कायदा 20 जुलै 2020 रोजी अमलात आला. आता तक्रारदार जिथं राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून पावती आणि कार्ड जपून ठेवा, आणि दुरुस्तीला देताना काय दिलं त्याची लेखी पोच घ्या.

मजकुराची राखण मात्र आपल्यालाच करायची आहे. याच जिल्ह्यातल्या नरसीला संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तीही गुरुमुखी लिपीत. एका पोथीत, एका लिपीत, एका गावात ती अडकून राहिली नाहीत, म्हणून पंजाबातही टिकली. आपणही आपलं लेखन एकाच पेटीत कोंडून ठेवू नये.